तिसरी खिडकी

मालन कोष्टी वारली त्याच्या आदल्या दिवशी ती लेकीच्या प्रयोगशाळेत बसून एका शब्दावरून भांडत होती.

“उपदंश,” तिने माहितीपत्रकाचा कागद डोळ्यांपासून लांब धरून वाचलं. “हा शब्द तुम्ही कुणासाठी लिहिलाय? डॉक्टरला हा कागद वाचायची गरज नाही. आणि जिला गरज आहे तिला वाटणार, विंचूबिंचू चावला.”

“मग काय लिहू?” तेजस्विनीने विचारलं.

“गरमी. आमच्या अख्ख्या जत तालुक्यात गरमीच म्हणायचे.”

समोरच्या टेबलावरून डॉ. इरफान मुजावर हसले. “सिस्टर, ते करून झालंय. गेल्या महिन्यात आपल्या संवादयंत्राने नव्वद जणांना फोन केले. ‘तुम्हाला पूर्वी कधी गरमी झाली होती का?’ एकसष्ट जण हो म्हणाले! एक आजी म्हणाल्या, दर उन्हाळ्यात होते, सब्जा खाल्ला की जाते.”

मालनला इतकं हसू आलं की तिला चष्मा काढून डोळे पुसावे लागले. “मग दोन्ही लिहा. ‘उपदंश, म्हणजे गरमीचा रोग. उन्हाळ्यातली गरमी नव्हे.’ आणि ‘शमलेला’ खोडा. शमलेला म्हणे! कीर्तन करताय काय? ‘गेला’ म्हणा.”

तेजस्विनीने निमूटपणे ‘शमलेला’ खोडून ‘गेला’ लिहिलं. तीस वर्षं खेड्यापाड्यांत बाळंतपणं केलेल्या नर्सबाईशी भाषेवरून वाद घालण्यात अर्थ नसतो, हे ती लहानपणापासून जाणून होती.

साल २०३४, फेब्रुवारीचा शेवट. मिरजेच्या औद्योगिक वसाहतीतल्या या लहानशा प्रयोगशाळेत डॉ. तेजस्विनी कोष्टी आणि मुजावर यांनी सात वर्षं खपून बोटाएवढी एक पट्टी तयार केली होती. तिचं नाव ‘कालपट्टी’. घरच्या घरी बोटाला टोचायचं, रक्ताचा एक थेंब पट्टीवर सोडायचा आणि थांबायचं. पट्टीला तीन खिडक्या होत्या. पहिल्या दोन खिडक्यांना सरकारी समितीची मान्यता मिळाली होती. तिसरीचा निर्णय सव्वीस दिवसांनी व्हायचा होता. तिसरी खिडकी ठेवायची की नाही, यावर आजवर दोघांचं एकमत होतं. मत नव्हतं ते मालनचं.

“मला परत एकदा सांग,” ती म्हणाली. “सावकाश. मी म्हातारी आहे असं समजून सांग.”

“समजायचं काय त्यात,” तेजस्विनी म्हणाली आणि आईने पाठीत मारलेली चापट चुकवली. “बघ. उपदंशाचा जंतू अंगात शिरला की रक्त त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. ही प्रतिपिंडं जन्मभर राहतात. पेनिसिलिन घेऊन रोग पुरता गेला तरी राहतात. बाजारात आज ज्या घरगुती पट्ट्या मिळतात त्यांना एकच खिडकी असते. प्रतिपिंडं आहेत की नाहीत, एवढंच ती सांगते.”

“म्हणजे चाळीस वर्षांपूर्वी बरं झालेलं माणूस आज तपासलं तर?”

“आजारी दाखवणार. म्हणून मग प्रयोगशाळेत जाऊन दुसरी तपासणी करावी लागते. लोक जातच नाहीत. घाबरून बसतात, नाहीतर भांडून बसतात.”

मुजावरांनी खुर्ची पुढे ओढली. “आपली पट्टी प्रतिपिंडांवर थांबत नाही, सिस्टर. ती स्मृतिपेशी वाचते. जंतू पहिल्यांदा भेटला की रक्तात त्याची ओळख ठेवणाऱ्या पेशी जन्माला येतात. जंतू अंगात आहे तोवर त्यांच्या नव्या नव्या पिढ्या होत राहतात. जंतू मेला की पिढ्या थांबतात. शेवटची पिढी ताजी असेल तर रोग चालू, जुनी असेल तर गेला. ही झाली दुसरी खिडकी.”

“आणि तिसरी?”

“प्रत्येक पेशीवर वयाच्या रासायनिक खुणा चढत जातात. गायीच्या शिंगावरची वळी मोजून वय सांगतात ना, तसंच. सगळ्यांत म्हातारी पेशी शोधायची, तिच्या खुणा मोजायच्या. ती जन्मली कधी, म्हणजे जंतू शिरला कधी. दहा दिवस मागे-पुढे. त्याहून जास्त चूक आजवर एकदाही झालेली नाही.”

मालनने पट्टी हातात घेऊन उलटसुलट करून पाहिली. “पहिल्या दोन सोन्यासारख्या आहेत. होय की नाही, आहे की गेला. तिसरी बुजवून टाका.”

“आई, तारीख औषधासाठी लागते. लागण एका वर्षाच्या आतली असेल तर पेनिसिलिनचा एकच डोस पुरतो. जुनी असेल, किंवा कधीची तेच माहीत नसेल, तर आठवड्याला एक असे तीन द्यावे लागतात. तिसऱ्या डोसाला निम्मी माणसं येत नाहीत. आणि आणखी कुणाकुणाला तपासायचं, हेही तारखेवरूनच ठरतं.”

“तुझं शास्त्र मला पटतंय गं. पण पट्टी घरात वाचली जाणार. नवरा वाचणार, सासू वाचणार. लग्नाची तारीख सगळ्यांना पाठ असते. तुझी तारीख तिच्याशेजारी ठेवणार आणि निकाल लावणार. बाईला औषध हवं असतं, तेजू. तिच्या हातात तू खटला देतेस.”

“म्हणजे खरं कळूच नये?”

“खरं आणि तारीख एकच असतं का?” मालन म्हणाली.

उत्तर द्यायच्या आत मुजावरांना फोन आला आणि ते बाहेर गेले. मालनने लगेच पर्समधून चिकटपट्टीचा तुकडा काढला, पट्टीच्या तिसऱ्या खिडकीवर घट्ट चिकटवला आणि स्वतःच्या बोटाला टोचून थेंब सोडला. तेजस्विनी बघत राहिली.

“तुम्हाला जुने बरे झालेले लोक मिळत नाहीत ना? घे. फुकट नमुना.”

थोड्या वेळाने पहिल्या खिडकीत ‘होय’ची लाल रेघ आली. आणखी थोड्या वेळाने दुसरीत शब्द उमटला. मालनने तो पोरीच्या पाटीवरचं वाचावं तसा मोठ्याने वाचला. “‘गेला.’ बघ. त्रेचाळीस वर्षांनी लेखी मिळालं.”

“आणि झाकलंस का?”

“मला ठाऊक आहे ती तारीख. रेल्वेने आली होती जबलपूरहून,” ती म्हणाली आणि पर्सची चेन ओढली.

जबलपूर हा शब्द त्यांच्या घरात गावाचं नाव म्हणून कधी वापरलाच गेला नव्हता. तेजस्विनीचे वडील, गजानन कोष्टी, टेलिफोन खात्यात होते. एकोणीसशे नव्वद साली, लग्नाला चार महिने झालेले असताना, खात्याने त्यांना प्रशिक्षणासाठी सहा महिने जबलपूरला पाठवलं. एप्रिलच्या मध्यावर ते गेले, दिवाळीच्या तोंडावर परतले. मालन तेव्हा जत तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर नर्स होती. जानेवारीत, तिसरा महिना सरल्यावर, तिने नाव नोंदवायला रक्त दिलं आणि त्यात उपदंश निघाला. नवऱ्याचं तपासलं, त्यातही निघाला. दोघांना सुया टोचल्या. जुलैत तेजस्विनी जन्मली, धडधाकट. तपासणी आणखी तीन-चार महिने लांबली असती तर ती कदाचित जन्मलीच नसती, किंवा जन्मून वाचली नसती. आपण या कामाकडे का वळलो असं कुणी विचारलं तर ती आकडेवारी सांगायची. खरं कारण हे होतं.

सतराव्या वर्षी, कॉलेजसाठी पुण्याला निघताना, आईने तिला हे सगळं सांगितलं होतं. जपून राहावं म्हणून. “तुझ्या अण्णांनी जबलपूरहून आणलं. डॉक्टरांपुढे कबूल केलं. मी नांदले, पण विसरले नाही.” मालन खरोखरच विसरली नाही. ती नवऱ्याला वेळेवर जेवायला वाढायची, त्याची औषधं सांभाळायची, त्याच्या बहिणींची बाळंतपणं करायची. पण रेडिओवर मध्य प्रदेशाच्या बातम्या लागल्या की उठून बंद करायची. आणि तेजस्विनीने त्या दिवसापासून वडिलांशी भांडणही केलं नाही. जेवलात का, बिल भरलं का, गोळी घेतली का, यापलीकडे ती त्यांच्याशी कधी बोलली नाही. गजाननरावांनीही कधी विचारलं नाही, का म्हणून.

“रविवारी ये,” मालन दारातून म्हणाली. “शेंगोळी करते. आणि त्या मुजावर साहेबांनाही आण, वाळलेत.”

दुसऱ्या दिवशी सकाळी केस विंचरताना तिच्या मेंदूत रक्तस्राव झाला. गजाननरावांनी हाक ऐकली नाही, फणी पडल्याचा आवाज ऐकला. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

*

दिवस झाले. माणसं आली, गेली. तेजस्विनी कामावर परतली तेव्हा समितीच्या बैठकीला नऊ दिवस उरले होते.

“तिसरी खिडकी मागे घेऊ,” ती मुजावरांना म्हणाली.

मुजावरांनी चहाचा कप खाली ठेवला. “मॅडम, सिस्टर मलाही आठवतात. पण हे तुम्ही त्यांच्यासाठी करताय की पेशंटसाठी?”

“ती पेशंटच होती.”

“मग पेशंटचं ऐकू. पण चाचणीतल्या बायकांचंही ऐकू. आटपाडीची ती शिलाईवाली आठवते? तारीख होती म्हणून एका डोसात मोकळी झाली. नाहीतर तिसऱ्या डोसाला आली असती? दुकान बंद ठेवून?” ते थांबले. “तारीख बंद केली तर ती कुठेतरी नाहीशी होत नाही. रक्तात असतेच. फक्त आपण न वाचता औषध देणार.”

त्या दुपारी ती खण आवरत होती. आईची पट्टी अजून तिथेच होती. नोंदवहीत चढवायची तर तिन्ही खिडक्या वाचलेल्या असाव्या लागत. हा नियम तिनेच केला होता. चिकटपट्टी काढायला तिला बराच वेळ लागला, कारण ती फाटू नये असं तिला वाटत होतं.

खिडकीत करडी अक्षरं होती: जून १९९०. दिवसांची कक्षा: अकरा ते तीस.

तेजस्विनीने ते दोनदा वाचलं. मग पट्टीच्या मागच्या टिपकागदात वाळलेला उरलेला थेंब तिने मोठ्या यंत्रात घातला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. तिन्ही वेळा जून.

जूनमध्ये अण्णा जबलपूरला होते. एप्रिलपासून ते घरी आलेच नव्हते. आईने त्यांच्याकडून घेतलं असेल तर तारीख एप्रिलच्या आधीची हवी, नाहीतर ऑक्टोबरनंतरची. जून मधोमध होता. दहा दिवस इकडे, दहा दिवस तिकडे सरकवूनही तो मधोमधच राहत होता.

यंत्र चुकत नव्हतं. तिनेच ते चुकणार नाही असं बनवलं होतं.

मग तिच्या मनात जे आलं ते तिला थोपवता आलं नाही. नवीन लग्न झालेली पंचवीस वर्षांची नर्स, परक्या गावात एकटी, नवरा सहा महिने दूर. चूक होऊ शकते; तिला चुकीचा राग नव्हता. पण त्यानंतर त्रेचाळीस वर्षं ती रेडिओ बंद करत राहिली? स्वतःचं माप दुसऱ्याच्या पदरात टाकून? आणि आपल्यालाही त्यात ओढलं? ती खुर्चीत बसून राहिली. खिडकी उघडून अर्धा तास झाला नव्हता आणि तिने आईवर खटला चालवून निकालही दिला होता.

*

विश्रामबागेतल्या घरी गजाननराव गॅलरीत बसून वाल सोलत होते. एकट्यासाठी किती सोलायचे ते त्यांना अजून उमगलं नव्हतं. परात भरली होती.

“अण्णा, बोट द्या,” तेजस्विनी म्हणाली.

त्यांनी पट्टीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. हात धोतराला पुसला आणि पुढे केला. “जबलपूर?” त्यांनी विचारलं. हा शब्द त्यांच्या तोंडून तिने पहिल्यांदा ऐकला.

“हो.”

“किती वेळ लागतो?”

“वीस मिनिटं.”

“मग बस. वाल सोल.”

ती बसली. काही वेळ नुसतीच सालं पडत राहिली.

“तुम्ही गेला होतात का, अण्णा? तिकडे. बाहेर.”

“नाही.”

“मग डॉक्टरांना हो का म्हणालात?”

गजाननरावांनी एक वाल दोन बोटांत धरून दाबला. सालातून डाळ टुणकन उडाली. “तू एवढी शास्त्रज्ञ. खोलीत दोन माणसं. रोग दोघांना. एक म्हणाला, मी नाही, तर उरलं कोण?”

तेजस्विनीने हातातलं साल खाली टाकलं.

“डॉक्टर मोठ्याने विचारत होते. बाहेर बाकावर तिच्या केंद्रातली माणसं. मी नाही म्हटलं असतं तर तिची नोकरी गेली असती. सासर गेलंच असतं. तू पोटात होतीस. मी पुरुष, चार दिवस लोक हसले असते, पाचव्या दिवशी विसरले असते. हो म्हटलं.”

“आणि तिला कधी विचारलं नाहीत?”

“काय विचारायचं? विचारलं असतं तर तिला खोटं बोलावं लागलं असतं. नाहीतर खरं. मला दोन्ही नको होतं.”

“तिला वाटायचं, तुम्हीच.”

“मला वाटायचं, ती तसं दाखवते. घर चालायला दोघांपैकी एकाने वाईट असावं लागतं, आणि ते मी कबूल केलंच होतं. म्हटलं, चालू दे.”

पट्टीच्या तिसऱ्या खिडकीत अक्षरं आली. नोव्हेंबर १९९०. तेजस्विनीने ती वडिलांपुढे धरली. त्यांनी मान हलवली. त्यांना त्यात नवीन काही नव्हतं.

“तिची जूनची आहे,” ती हळूच म्हणाली. “अकरा ते तीस जून. तुम्हाला तिच्याकडून लागण झाली. पण तिला कुणाकडून ते पट्टी सांगत नाही.”

“जून?” गजाननरावांच्या कपाळाला आठी पडली. “जूनमध्ये ती कुठे जाणार? आणि पुढे जुलै-ऑगस्टात तर ती धड लिहीतही नव्हती. कुत्र्यामांजराचे पाय उमटावेत तसं अक्षर. मी चिडून लिहिलं, नवऱ्याला पत्र लिहिताना जरा मन लावावं. तर उलट टपाली उत्तर, ‘उजव्या बोटाला नखुरडं झालंय, डाव्या हाताने लिहिते, मिजास करू नका.’”

तेजस्विनीच्या हातातला वाल तसाच राहिला. “नखुरडं? कोणत्या बोटाला?”

“अंगठ्याशेजारचं. लिंबू घालून बघितलं, हळद बांधली, काही होईना. दर पत्रात तेच. पिकत नाही, फुटत नाही, नुसतं टणक होऊन बसलंय. महिना-सव्वा महिना चाललं. काखेत गाठही आली म्हणे. मग आपोआप गेलं.”

“आणि नंतर हाताला काही? तळव्यांना?”

“तांबूस डाग आले होते. दिवाळीला मी बघितले. म्हणाली, उष्णता झालीये. सब्जा खात होती.”

तेजस्विनी उठून उभी राहिली आणि परत बसली. उपदंशाची पहिली जखम जंतू जिथून शिरतो तिथे होते, तीन आठवड्यांनी. टणक असते, पिकत नाही, महिन्या-दीड महिन्यात आपोआप भरते आणि माणसाला वाटतं, गेलं. मग तळव्यांवर पुरळ. हे ती विद्यार्थ्यांना दर वर्षी शिकवायची. ती जखम बहुतेकांना कुठे होते हे सगळ्यांना माहीत असतं. म्हणून तिच्याकडे दुसरीकडे कुठे बघायचं कुणाच्या मनात येत नाही. पण जंतूला सगळी कातडी सारखीच. चीर असली की पुरे. हातमोजे येण्याआधीच्या काळात बाळंतपणं करणाऱ्या बायकांना आणि डॉक्टरांना तो बोटातून व्हायचा. जुन्या पुस्तकांत याची पानंच्या पानं होती आणि ती तिने परीक्षेपुरती वाचली होती.

“अण्णा, केंद्रावर तेव्हा हातमोजे होते?”

“एक जोड. उकळायचा, वाळवायचा, पावडर लावून परत घालायचा. बोटांची टोकं फाटलेली असायची. मीच सायकलच्या ट्यूबचं ठिगळ लावू का म्हणून विचारलं होतं, तर हसली.”

“जूनमधलं एखादं बाळंतपण? पत्रात काही लिहिलं होतं?”

त्यांनी परातीतले वाल एका बाजूला सारले. “एक पोर झालं होतं. ऊसतोडीला जाऊन आलेल्या बाईचं. अंगाची साल निघत होती म्हणे त्याच्या. हाताची, पायाची. नाक सारखं वाहायचं. आई हात लावेना, सासू म्हणाली टाकून द्या. मालनने आपल्या खोलीवर नेलं. तीन दिवस कापसाच्या बोळ्याने दूध पाजलं, पुसलं. चौथ्या दिवशी गेलं. ते पत्र मला पाठ आहे. म्हणाली होती, ‘त्याला नाव नव्हतं म्हणून मी एक ठेवलं, तुम्हाला सांगणार नाही.’”

तेजस्विनीने परात बाजूला सारली आणि वडिलांचे दोन्ही हात धरले. वर्षानुवर्षं तिने ते धरले नव्हते. ते तिला वाटले होते त्याहून हलके होते.

“ते बाळ उपदंश घेऊन जन्मलं होतं, अण्णा. त्याच्या आईला कुणी तपासलंच नव्हतं. अशा बाळाच्या सालीत, नाकाच्या पाण्यात जंतू भरलेले असतात. माझ्या आईच्या बोटाला चीर असणार. तिला तिथून झालं.”

“बोटातून?”

“बोटातून. तिने एका लेकराला हात लावला. दुसरं काही नाही. आणि तेव्हा तिच्या खोलीत अशी एखादी पट्टी असती ना, अगदी एका खिडकीची, तर ऑगस्टमध्येच तिला कळलं असतं. कुणाला न विचारता, न सांगता. एक डोस घेऊन मोकळी झाली असती. तुम्ही दिवाळीला आलात तेव्हा तुम्हाला काही झालंच नसतं. जबलपूरचा संबंधच आला नसता.”

खालून भाजीवाल्याची हाक येऊन गेली.

“आणि तुझी ती तारीख?” त्यांनी अखेर विचारलं. “ती सांगणार आहेस लोकांना?”

“सांगणार. पण पट्टीवर उघडी नाही. बंद ठेवणार. तालुक्याची नर्स फोनवर असेल तेव्हाच ती उघडेल. तिने आधी विचारायचं, त्या दिवसांत अंगावर कुठे जखम होती, हाताला काय लागलं होतं, काम काय करत होतात. मग तारीख.” ती थांबली. “मला आज कुणी विचारलं नाही. मी अर्ध्या तासात आईला दोषी ठरवून मोकळी झाले होते.”

“मला तर अर्धा तासही लागला नव्हता,” गजाननराव म्हणाले. “डॉक्टरांच्या टेबलापासून बाकापर्यंत जेवढा वेळ लागतो तेवढा.” त्यांनी तिच्या हातातून एक हात सोडवून घेतला आणि तोंडावरून फिरवला. “मी तिला माफ केलं होतं गं. रोज. ती रेडिओ बंद करायची, मी मनात म्हणायचो, असू दे, मी माफ केलंय. मला वाटायचं, केवढं मोठं मन माझं. आणि तिने काही केलंच नव्हतं. त्रेचाळीस वर्षं मी तिला उगाच माफ करत बसलो.”

तेजस्विनीला वाटलं, इथे आपण काहीतरी शहाणपणाचं बोलावं. दोघांनीही एकमेकांना सांभाळलंच की, असं काहीतरी. पण ते खरं असलं तरी तिचं नव्हतं. तिचं जे होतं ते पुण्याला निघालेल्या दिवसापासून तिच्या मनात होतं, आणि प्रत्येक ‘गोळी घेतली का’च्या मागे लपून राहिलं होतं.

“अण्णा,” ती म्हणाली, “मी तुम्हाला कधीच माफ केलं नव्हतं. एक दिवससुद्धा नाही. तुम्हाला विचारलंही नाही. आता तुम्ही मला माफ करा. हे माफ करणं तरी उगाच होणार नाही.”